मन्मथअप्पांचं नाक

गिऱ्हाईक दारात आलं की दुकानदार काय पाहिजे म्हणून विचारतो. मन्मथअप्पा विचारत नाहीत. ते आधी आपली बंद मूठ गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरतात आणि म्हणतात, "सांग, कशाचा वास हाय?"

माणूस आलेला असतो साबुदाणा घ्यायला. घरी उपास असतो, बायकोनं पिटाळलेलं असतं. पण वास ओळखल्याशिवाय साबुदाणा मिळत नाही. मग तो बिचारा हुंगतो आणि काहीतरी ठोकून देतो. कुणी म्हणतं गवत, कुणी म्हणतं साबण. एका गुरुजींनी मान मागं घेऊन सांगितलं होतं की मांजर मुतलंय. अप्पा म्हणाले, "बराबर, पर आजून खोल हुंगा, मागं चिडाचं लाकूड हाय." गुरुजी तेव्हापासून पलीकडच्या आळीतून किराणा नेतात. एका म्हातारीनं मात्र मूठ नाकाशी जाताच सांगून टाकलं की ही शेपूची भाजी आहे आणि करणारणीनं त्यात खोबरं घातलंय. अप्पांनी तिला गुळाचा खडा फुकट दिला. अप्पांच्या हातून फुकट काही सुटलं ही आमच्या पाटोद्याच्या पेठेत बातमी होते. ती आठवडाभर पुरली.

मुठीत असतात हॉप्स. म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं. हिरवट, हलकी, खवल्याखवल्यांची. थंड मुलखात पिकतात. बिअरला जो कडवटपणा असतो आणि जो वास असतो, तो ह्या फुलांचा. मला हे सगळं आता झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. मला ते शिकायचं नव्हतं, पण अप्पांच्या शेजारी दुकान असलं की माणसाला निवड राहत नाही.

आणि हे अप्पा कोण? तर गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. पिऊन आलेल्या माणसाला हे गृहस्थ रोख पैशांवरसुद्धा काडेपेटी देत नाहीत. त्यांच्या दुकानात डाळी, मसाले, तेलतूप असं सगळं आहे, आणि सगळ्यात वरच्या फळीवर, हात पुरणार नाही अशा ठिकाणी, हॉप्सच्या बरण्या आहेत. कुणी विचारलं तर ते "दवा हाय" म्हणतात. कशावरची दवा, हे सांगत नाहीत.

माझं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. अप्पांना मोबाइलमधलं हिरवं बटण आणि लाल बटण एवढंच ठाऊक, त्यामुळं माल मागवायचं काम माझ्या गळ्यात. पार्सल माझ्या नावावर, पत्ता माझा आणि बदनामीही माझीच. पहिल्यांदा पाकीट आलं तेव्हा त्याच्या वासानं कुरिअरवाला माझ्या कानाशी वाकला आणि गांजा कितीला पडला म्हणून विचारू लागला. मी शपथा घेतल्या. त्यानं डोळा मिचकावला. आजही तो मला जरा जास्तच अदबीनं नमस्कार करतो.

हे वेड आलं कुठून, तेही सांगायला पाहिजे. अप्पांना एकच मुलगा, उमेश. पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत आहे. पोरगा हुशार, सरळ, आणि बापासारखाच एककल्ली. पुण्यात त्याला छंद लागला तो फ्लॅटच्या स्वयंपाकघरात बिअर बनवायचा. विकायला नाही, धंदा म्हणून नाही. शनिवार-रविवारी चार मित्र जमतात, हा पातेलं चढवतो. एका दिवाळीला आपल्या हातची बिअर घेऊन तो घरी आला आणि बाटल्या फ्रीजमध्ये ताकाच्या तांब्यामागं ठेवल्या. लपवायच्या म्हणून नाही, थंड राहाव्यात म्हणून. आमच्या शांताकाकूंना, म्हणजे त्याच्या आईला, ते सरबत वाटलं. त्यांनी एक बाटली अप्पांपुढं उघडली. अर्धी अप्पांच्या धोतरावर उडाली.

पुढचं सगळ्या पेठेनं पाहिलं. अप्पांनी बाटल्या रस्त्यावर आणल्या, एकेक करून गटारीत रिकाम्या केल्या, आणि भर बाजारात म्हणाले, "आमच्यात कुणी दारू गाळत न्हाई. तुला गाळायची आसंल तर ह्या घरात पाय ठिवायचा न्हाई." उमेश त्यांचाच मुलगा. त्यानं शब्द खाली पडू दिला नाही. त्याच दुपारी तो एसटीत बसला. पुढची दिवाळी आली आणि गेली, कपिलधारची यात्रा झाली, सख्ख्या आतेबहिणीचं लग्न झालं. पोरानं पाय ठेवला नाही. फोन करायचा, पण आईला. चुकून अप्पांनी उचलला तर म्हणायचा, "आईला द्या." अप्पा द्यायचे.

बाजारात सगळे म्हणायचे की अप्पांनी एक फोन करावा आणि मिटवून टाकावं. अप्पा कुणाला फोन करणाऱ्यातले नाहीत. ते दुकानात बसून राहायचे आणि उगाचच डाळीतले खडे वेचायचे, ज्या डाळीत खडे नव्हते. त्यांना पोरगा परत पाहिजे होता. हे न सांगता कळत होतं आणि सांगायची सोय नव्हती.

मग एकदा भर दुपारी, बाजार सुस्त असताना, ते माझ्या दुकानात आले. इकडंतिकडं बघितलं. म्हणाले, "दिलीप, त्या उम्याच्या दारूला संत्र्याच्या सालीचा वास कावून येत व्हता बे?"

मला आधी कळेचना. मग ध्यानात आलं की हा माणूस बाटल्या गटारीत ओतत होता, शिव्या देत होता, आणि त्याच वेळी त्याचं नाक आपलं काम करत होतं. मी मोबाइलवर शोधून सांगितलं की त्यात संत्रं-बिंत्रं नसतं, फुलांचा वास असतो तो. फुलांच्या जाती असतात आणि दर जातीचा वास निराळा. अप्पा बराच वेळ माझ्या स्टुलावर बसून राहिले. दारूत फुलं, हे त्यांना पटायला वेळ लागला असावा. उठताना म्हणाले, "मागव."

आता अप्पांच्या नाकाविषयी सांगितलं पाहिजे. त्या नाकाला तालुक्यात मान आहे. धने ह्या सालचे की गेल्या, हळदीत काय मिसळलंय, कुठल्या गोणीतला शेंगदाणा खवट होणार आहे, हे अप्पा पोतं उघडायच्या आधी सांगतात. "जीभ लबाड, नाक इमानदार" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते आधी पानावर वाकतात. यजमानाचा जीव टांगणीला लागतो.

असं नाक हॉप्सला भिडलं. सकाळी पूजा झाली की अनशापोटी अप्पा दोन फुलं तळहातावर घेत, हात चिकट होईपर्यंत चोळत आणि ओंजळीत तोंड घालून बसत. एक जात झाली की मधे आपल्या बंडीची बाही हुंगत, नाक कोरं व्हायला म्हणून. मग मला हाक. त्यांनी सगळ्या जाती मराठवाड्याच्या मापानं लावून टाकल्या. सिट्रा म्हणजे पाडाचा आंबा, आणि आंबा कापताना शेजारी कुणी पपनस सोलत बसलंय. कॅस्केड म्हणजे नुसतं पपनस, पण फुलावर आलेलं. साझ म्हणजे कडब्याची नवी गंजी आणि वर मिरपूड. फगल म्हणजे पडक्या आडात वाकून बघितल्यावर येतो तो वास, ओलं लाकूड आणि शेवाळ. सिम्को म्हणजे चिडाची फळी, पण सुतारानं मांजर पाळलेलं आहे. आणि सोराची एस नावाची जपानी जात म्हणजे ती शेपू-खोबऱ्याची भाजी. जपानी माणूस बिअरमध्ये शेपू का घालतो, ह्यावर त्यांनी मला एक आख्खी दुपार धारेवर धरलं. मला काय माहीत?

नुसत्या वासावर भागेना तेव्हा काढा सुरू झाला. बिअर करायची नव्हती, दारूचा प्रश्नच नव्हता, पण फुलं उकळल्यावर वास काय होतो ते बघायचं होतं. मग पाण्यात गूळ, त्यात मूठभर फुलं, आणि पातेलं शेगडीवर. ते पाणी प्यायला मी. पाडव्याला कडुनिंबाची चटणी वर्षातून एकदा खावी लागते म्हणून आपण ती खातो. हा काढा मला रोज होता. अप्पा स्वतः एक घोट घेत, डोळे मिटत आणि लगेच दुसऱ्या पातेल्याकडं वळत. उकळीला आधी घातली की फुलं नुसती कडू होतात आणि वास उडून जातो, गॅस बंद करताना घातली की वास राहतो, एवढा शोध लागेपर्यंत माझ्या तोंडाची चव गेलेली होती. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवा. मी काय सांगणार डॉक्टरला?

आणि ती शेळी. रस्त्यानं एक मेंढपाळ कळप घेऊन चालला होता. एका शेळीनं अप्पांच्या दुकानात मान घातली आणि ताटलीतलं कॅस्केड फस्त केलं. दुसरा कुणी असता तर काठी काढली असती. अप्पांनी शेळीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि हुंगलं. मग त्या मेंढपाळाला म्हणाले की संध्याकाळचं दूध आणून दाखव, वास उतरतो का बघू. मेंढपाळानं आधी अप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि कळप हाकून नेला. आता तो गावाला वळसा घालून जातो.

पेठेत ह्या प्रकाराबद्दल दोन मतं होती. एक, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. दुसरं, म्हातारा ह्यातून धंदा काढणार. मी दुसऱ्या मताचा होतो. अप्पा बिनफायद्याचं काही करतील ह्यावर माझा विश्वास नव्हता.

मग उन्हाळा आला. शांताकाकूंची वाळवणं गच्चीवर गेली. अप्पांच्या घरात वर्षाचा कुठलाही जिन्नस ऊन दाखवल्याशिवाय बरणीत जात नाही. मिरची असो, धने असोत, हळकुंडं असोत. ऊन दिलं की किडा लागत नाही, हा त्यांच्या आजोबांपासूनचा नेम. हॉप्सच्या पाकिटावर स्वच्छ लिहिलेलं होतं की उष्णतेपासून दूर, फ्रीजरमध्ये ठेवा. मी ते मराठीत वाचून दाखवलं. अप्पा म्हणाले, "फ्रीज इकनाऱ्यानं लिवलं आसंल." आणि त्यांनी सगळी पाकिटं फोडून, स्वच्छ धुतलेल्या धोतरावर, काकूंच्या कुरडयांशेजारी, सगळी फुलं पसरली. वैशाखातलं बीडचं ऊन ते.

फुलं तपकिरी पडली. बरण्यांत भरली आणि काही दिवसांनी झाकण उघडलं तर आतून ओल्या मोज्यांचा वास. अप्पांनी तो नीट हुंगून निवाडा दिला की खवा नासलेला आहे आणि वर घाम आहे. सिट्रा गेलं, साझ गेलं, सगळ्या जाती एकच होऊन बसल्या. शिवाय कुरडयांनी तो वास पकडला. त्या वर्षी काकूंच्या घरी जो पाहुणा कुरडई खाई तो आधी आपल्या पायांकडं बघे. काकू महिनाभर अप्पांशी फक्त कामापुरतं बोलत होत्या. अप्पांनी नवा माल मागवला, गुमान फ्रीजरमध्ये ठेवला, फळीवरच्या बरण्यांत हुंगण्यापुरताच काढला, पण नासलेल्यातली एक बरणी टाकून दिली नाही. चांगल्या मालाइतकीच नासक्या मालाची ओळख पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

पावसाळा संपता संपता एका रविवारी उमेशचा फोन आला. काकू भाकरी थापत होत्या, म्हणून फोन स्पीकरवर ठेवून कट्ट्यावर. अप्पा आतल्या खोलीत पेपर धरून बसलेले. ते दर रविवारी त्या वेळी पेपर धरून बसतात, हे काकूंनीच मला सांगितलंय. उमेश आईला म्हणाला की मी आता ते बिअरचं सोडून देतो. गेले काही महिने दर वेळी बिघडतेय. पाणी बदललं, भांडी बदलली, तरी कुजकट वास येतो, मित्र एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवतात. सगळं साहित्य विकून टाकतो. काकूंना हायसं वाटलं. देवापुढं साखर ठेवली त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा माझ्याकडं आले. मला वाटलं, खूश असतील. भर बाजारात ओरडून जे मागितलं होतं ते घरबसल्या मिळालं होतं. पण त्यांचा चेहरा पार उतरलेला.

"सोडून देतो म्हनतोय बे," ते म्हणाले.

मी म्हटलं, मग चांगलंच झालं की, आता घरी येईल. त्यांनी मान हलवली. म्हणाले, आवडीचं सोडून आलेलं पोरगं घरात येऊन काय करणार, माझ्याकडं बघत बसणार. मग म्हणाले, "त्याला इचार, फुलास्नी ऊन दिलंय का. माझं नाव घिऊ नको."

उमेशचा नंबर माझ्याकडं होता. मी मेसेज टाकला. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. ते मी अप्पांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. 'हो दादा. पावसात फ्रीज बंद पडला होता, फुलं दमट लागत होती. मग पाऊस उघडल्यावर गॅलरीत अप्पांच्या जुन्या धोतरावर पसरून दोन दिवस चांगलं ऊन दिलं आणि डब्यात भरली. का हो?'

काकूंनी कधीतरी लोणच्याची बरणी गुंडाळून दिलेलं धोतर असणार ते.

अप्पांनी मला मेसेज परत वाचायला लावला. मग एकदम हसायलाच लागले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "पाकिटावर लिवलेलं आसतं की रे," ते म्हणाले. "एवढा शिकला, विंग्रजी येतंय, अन् ऊन देतोय. माझ्यासारखाच येडा हाय." हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मी झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद घालू लागलो. त्यात कागद होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. उमेशच होता. त्याला हे उन्हाचं कुणी सांगितलं ते हवं होतं. दादा, तुम्हाला हॉप्समधलं काय कळतं, असं त्यानं तोंडावर विचारलं. मला राग यायला पाहिजे होता, पण प्रश्न रास्त होता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि अप्पांच्या पुढं धरला.

अप्पा फोनकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मी हाय."

मला वाटलं, आता उमेश फोन ठेवतो. अप्पांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते घाईघाईनं बोलायला लागले. ती फुलं टाकून दे, त्यात आता काही राहिलं न्हाई. नवी आण, फोडली की घट्ट बांधून बर्फाच्या खणात ठिव. उकळीला सगळी एकदम घालू नको, वासाची मागून घाल. सिट्रा घेतलं तर साझ बरोबर घेऊ नको, आंबा गंजीला दाबून टाकतो. दम न खाता बोलत होते. माझ्या दुकानात एक पोरगी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली होती, ती दारातच थांबली.

शेवटी उमेश बोलला. "अप्पा, तुम्ही बिअर पिता?"

"शिव शिव. न्हाई."

"मग हे सगळं कशाला शिकलात?"

अप्पांनी रस्त्याकडं तोंड केलं. आवाज खाली आला त्यांचा. "तू आईशी बोलतोस ते मला ऐकू येतं. त्यात माझ्या जोगतं काय नसतं. म्हनलं एक तरी गोष्ट आसावी, जी तू मला इचारशील."

पलीकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग उमेशनं विचारलं, "मग आता कुठली घेऊ, अप्पा?"

ह्याचं उत्तर मलाही पाठ होतं. त्या काढ्याची शपथ, अप्पांना तर ते गेल्या वर्षापासून तयार होतं. त्यांनी तोंडही उघडलं होतं. मग त्यांनी ते मिटलं, माझ्याकडं एकवार बघितलं आणि फोनमध्ये म्हणाले, "आसं झटक्यात सांगता येत न्हाई. उद्या फोन कर."